ऑल्टूनाची बस

तिला स्वतःचं नाव नाही. अंगावर नाव असतं ते गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचं. काळसर काचा, पोटात सामानाचे कप्पे, मागच्या टोकाला उभं राहता येईल न येईल एवढा संडास. पेनसिल्वेनियातल्या ऑल्टूना गावच्या बेसबॉल मैदानाबाहेर मालिकेचा शेवटचा सामना संपत आला की ती येऊन उभी राहते. उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे करमणूक बागेतला रोलर कोस्टर दिसतो, आत टाळ्या वाजत असतात, आणि ही आपली इंजिन घुरघुरवत थांबलेली. सामन्याचा निकाल तिला पायऱ्यांवरून कळतो. जिंकून आलेले पायऱ्या चढता चढता बोलत असतात. हरून आलेल्यांच्या पिशव्या जरा जोरात आदळतात.

ऑल्टूना हे रेल्वेचं गाव. पेनसिल्वेनिया रेलरोडचे कारखाने इथले, आणि डोंगर चढण्यासाठी 1854 मध्ये घातलेलं घोड्याच्या नालेसारखं प्रचंड वळणही इथलंच. संघाचं नाव त्या वळणावरूनच पडलं, ऑल्टूना कर्व्ह. संघ मात्र फिरतो बसने. त्यांच्या लीगमधलं पार वरचं टोक म्हणजे मेन राज्यातलं पोर्टलंड, नऊशे किलोमीटरच्या आसपास. रात्री निघायचं, कोणत्या तरी पेट्रोल पंपावर पहाटे तीनला उतरून पाय मोकळे करायचे आणि उजाडल्यावर हॉटेलच्या दारात डोळे चोळत उभं राहायचं.

ऑल्टूना हा पिट्सबर्ग पायरेट्सचा खालचा संघ आहे. आपल्याकडे मुलगा कांगा लीगच्या चिखलात खेळतो, मग मुंबईकडून, मग नशिबात असेल तर भारताकडून. या सगळ्या वाटेवर तो कोणा एका मालकाचा नसतो. अमेरिकन बेसबॉलमध्ये अठरा-वीस वर्षांच्या पोराला, आणि डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातला असेल तर सोळाव्या वर्षीच, वरचा क्लब करारबद्ध करतो आणि मग स्वतःच्याच खालच्या संघांमधून त्याला एकेक पायरी चढवतो. पायरेट्सची शिडी अशी: डॉमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी, फ्लोरिडातलं ब्रॅडेंटन, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो, मग ऑल्टूना, मग इंडियानापोलिस आणि शेवटी पिट्सबर्ग. ऑल्टूनाहून पिट्सबर्ग गाडीने दोनेक तासांवर. बस मात्र तिथे खेळायला संघ घेऊन जात नाही. पिट्सबर्गला ज्याला बोलावणं येतं, तो एकटा जातो.

या सगळ्या व्यवस्थेला तिकडे फार्म म्हणतात, आणि हे शेत पहिल्यांदा पद्धतशीर नांगरलं ब्रँच रिकीने. ओहायोतला कट्टर मेथडिस्ट, रविवारी मैदानात पाऊल न टाकणारा, पण व्यवहारात सोमवार ते शनिवार अतिशय जागा. त्याच्या सेंट लुईस कार्डिनल्सकडे तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा 1920 च्या आगेमागे त्याने छोट्या गावांतल्या क्लबांचे हिस्सेच विकत घ्यायला सुरुवात केली. खेळाडू विकत घेण्याऐवजी पिकवायचे. 1940 पर्यंत त्याच्या हाताखाली तीसहून अधिक संघ झाले होते. बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. 1938 मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून जास्त खेळाडूंना एका फटक्यात करारमुक्त केलं. पण तोवर इतर क्लबांनीही तीच शेती सुरू केली होती. 1949 मध्ये अमेरिकेत अशा खालच्या 59 लीग होत्या आणि वर्षाला चार कोटींच्या जवळपास प्रेक्षक ते सामने बघत होते. मग घरोघरी टीव्ही आला.

रिकीचं तत्त्व सरळ होतं: भरपूर पेरा, त्यातलं थोडं उत्तम उगवेल. ते पेरलेलं ‘भरपूर’ आजही बसमध्ये बसतं. फार्मवर नजर ठेवणारा चाहता, आणि असे चाहते तिकडे खोऱ्याने आहेत, यादी घेऊन बसलेला असतो: आपल्या क्लबचे पहिले तीस प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडू, कोण, कोणाचा चेंडू ताशी किती मैलांनी जातो, स्काउटने 20 ते 80 च्या मापात कोणाला किती दिले. बसमध्ये तीसेक माणसं असतात. त्यातली यादीत असतात फार तर सहा-सात. बाकीचे कशाला हवेत? कारण एका गुणी पिचरला तयार करायचं तर त्याला कॅचर लागतो, मागे सात जण क्षेत्ररक्षणाला लागतात, समोर बॅट घेऊन उभं राहायला रोज कोणीतरी लागतं. एकाचा सराव व्हावा म्हणून अख्खा संघ उभा करावा लागतो. पंचविसाव्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी त्यातल्या अनेकांना आपण कोणत्या कामासाठी इथे आहोत ते पुरतं कळलेलं असतं, आणि तरी ते पायऱ्या चढतात. मला या सगळ्या व्यवस्थेत कुतूहल वाटतं ते त्यांचं. गुणवान माणूस का खेळतो, हे सांगायला लेखक लागत नाही.

आशेला आधार अगदीच नसतो असंही नाही. 1988 मध्ये क्लबांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत माइक पियाझाला डॉजर्स क्लबने बासष्टाव्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर घेतलं, तेही बरंचसं ओळखीपाळखीच्या भिडेखातर. 2016 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. प्रत्येक बसमध्ये मागच्या सीटवर कोणीतरी पियाझाची गोष्ट सांगत असणार. ती गोष्ट नसती तर डिझेल भरूनही बस हलली नसती.

बसमध्ये पुढच्या सीट मॅनेजर आणि कोचमंडळींच्या. मग ज्येष्ठतेप्रमाणे. जुन्या खेळाडूला शेजारची सीट रिकामी मिळते. नवख्याला कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून रात्र काढावी लागते, नाहीतर मधल्या वाटेत उशी टाकून. मागे पत्ते चालतात. तिथेच कोणाच्या तरी स्पीकरवर बाचाताची डॉमिनिकन गाणी वाजत असतात, कारण बसचा मोठा भाग स्पॅनिशमध्ये बोलतो; सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या पोरांना इंग्रजी क्लबच्या वर्गात थोडं येतं आणि बसमध्ये बरंच. एसी कायम गरजेपेक्षा गार. आणि संडासाचा एक अलिखित कायदा, जो पहिल्याच प्रवासात नवख्याला बजावला जातो: बसमध्ये फक्त लघुशंका. दुसऱ्या कामाला ड्रायव्हरला सांगून गाडी थांबवायची आणि मग उरलेला मोसम टोमणे ऐकायचे. बसला बोनस कळत नाही. 2023 मध्ये पायरेट्सने पॉल स्कीन्स नावाच्या पिचरला करार करताना 92 लाख डॉलर दिले. तो ऑल्टूनाच्या गणवेशात असताना त्याच्या आसपास असेही होते ज्यांना सहीचे हजारांत मोजण्याएवढे डॉलर मिळाले होते. सीट सगळ्यांच्या तेवढ्याच रुंद.

ती निरागस आहे असं मात्र नाही. तिची आजी, 1953 ची, जॅक्सनव्हिल संघाची बस, हँक एरनला घेऊन दक्षिणेतल्या गावांतून फिरत होती. त्या लीगमध्ये त्या वर्षी पहिल्यांदा कृष्णवर्णीय खेळाडू आले. रस्त्यात खानावळ लागली की गोरे सोबती आत जाऊन जेवत. एरन आणि त्याचे दोन कृष्णवर्णीय जोडीदार बसमध्येच बसत आणि कोणीतरी त्यांच्यासाठी खाणं बाहेर आणून देई. त्या मोसमात एरनने .362 च्या सरासरीने बॅटिंग केली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे बेब रूथचा होमरनचा विक्रम ज्याने मोडला, त्याने विसाव्या वर्षाच्या आत अशी कितीतरी जेवणं काचेआडून पाहिली.

आणखी एक पूर्वज वॉशिंग्टन राज्यातली. 24 जून 1946 ला स्पोकेन संघाची बस कॅस्केड पर्वतातली स्नोक्वॉल्मी खिंड ओलांडत होती. ओल्या रस्त्यावर समोरून आलेली मोटार चुकवताना ती कठडा तोडून दरीत गेली आणि पेटली. नऊ खेळाडू गेले, त्यातले बहुतेक महायुद्धातून सुखरूप परत आलेले. संघातला जॅक लोर्क त्यात नव्हता. वाटेत एलेन्सबर्गला सगळे जेवायला थांबले असताना निरोप आला होता, की तुला वरच्या पातळीवर सान डिएगोला बोलावलंय. तो तिथेच उतरला, सामान घेतलं, सोबत्यांचा निरोप घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत उलट्या दिशेने स्पोकेनला निघाला. बढती मिळणं म्हणजे बसमधून उतरणं, हे इतक्या शब्दशः बहुधा कोणाच्याच वाट्याला आलं नसेल. लोकांनी त्याचं नाव ‘लकी’ ठेवलं. तो पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला, म्हातारा होऊन 2009 मध्ये वारला. ते टोपणनाव त्याला शेवटपर्यंत आवडलं नाही.

या घराण्यात एक श्रीमंत मावशीही होऊन गेली. 1994 मध्ये मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून बर्मिंगहॅमच्या संघात आला, तेव्हा मागे रेलता येणाऱ्या सीट असलेली आलिशान बस संघाला मिळाली. जॉर्डनने ती विकत घेतली ही दंतकथा. गाडी कंपनीचीच होती, त्याच्या नावाने कंपनीची जाहिरात झाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाडूने त्या मोसमात .202 ची सरासरी काढली. बस कितीही चांगली असली तरी कर्व्हबॉल वळायचा तसाच वळतो.

आपल्या देशातला एक जण अशाच बसमध्ये बसून गेला आहे. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंग 2008 मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेत जोरात चेंडू फेकून जिंकला आणि दिनेश पटेल या दुसऱ्या मुलाबरोबर पायरेट्सशी करारबद्ध झाला. दोघांनीही त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. पटेल 2010 मध्ये घरी परतला. रिंकू टिकला, 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघाकडून तो 39 सामन्यांत पिचिंगला उतरला, म्हणजे शिडीच्या बऱ्याच खालच्या पायरीवर, पण सन्मानाने. मग हात दुखावला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात वीर महान म्हणून उतरला. त्या दोघांवर हॉलिवूडने सिनेमाही काढला. सिनेमा करार होतो तिथे संपतो. बस सुरू होते ती त्यानंतर.

गेल्या काही वर्षांत बसचे दिवस थोडे बरे आलेत. 2021 पासून एका गावात सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी, त्यामुळे रात्रीचा प्रवास पुष्कळ घटला. त्याच वेळी खालचे 160 संघ 120 वर आणले गेले, म्हणजे चाळीसेक गावांतून ती कायमची गेली. तेव्हा सुधारणा म्हणताना जरा थांबलेलं बरं. पगाराची गोष्ट तर सांगायलाच हवी. 2018 मध्ये अमेरिकी संसदेने एका भल्यामोठ्या खर्चाच्या विधेयकात चार ओळी घुसवून या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळजवळ वगळलं होतं, आणि त्या कलमाचं नाव काय, तर राष्ट्रीय खेळ वाचवण्याचा कायदा! ऑल्टूनाच्या पातळीवर वर्षाचे किमान 13,800 डॉलर मिळत. मोसमात चार-पाच जण एका घरात हवेच्या गाद्यांवर झोपत, थंडीत कुठे गोदामात, कुठे जिममध्ये काम करत. 2022 मध्ये खेळाडू संघटनेत सामील झाले आणि 2023 च्या पहिल्या सामूहिक करारात तोच आकडा 30,250 वर गेला. राहण्याची सोय आता क्लब करतो.

त्याच 2023 च्या एप्रिलमध्ये ऑल्टूनाच्या संघात ड्र्यू मॅगी होता. 2010 मध्ये पायरेट्सनेच पंधराव्या फेरीत घेतलेला. मधल्या काळात क्लबामागून क्लब बदलून, एंजल्स, डॉजर्स, ट्विन्स, फिलीज अशा दारांवरून फिरून पुन्हा पायरेट्सकडे आलेला. तेरावा मोसम, वय तेहेतीस, खालच्या पातळीवरचे 1155 सामने. कोणत्याही यादीत त्याचं नाव नव्हतं. बसमधल्या विशीतल्या पोरांचा तो काकाच. एका रविवारी पिट्सबर्गहून निरोप आला. मॅनेजरने तो सगळ्या संघासमोर सांगितला तेव्हाचा कल्ला चित्रफितीत ऐकू येतो. 26 एप्रिलला, डॉजर्सविरुद्ध, मॅगीला बदली बॅटर म्हणून पाठवलं. अख्खं मैदान उठून उभं राहिलं आणि त्याच्या नावाचा गजर करत राहिलं. तो स्ट्राइकआउट झाला. बाद होऊन परतणाऱ्या माणसासाठी लोक पुन्हा उभे राहिले.

तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याने पहिला हिट मारला. ऑगस्टमध्ये स्कीन्स ऑल्टूनाला आला, दोन सामन्यांत पिचिंग केलं आणि त्याचा मोसम संपला. पुढच्या मेमध्ये तो पिट्सबर्गला होता आणि वर्षाअखेरीस सर्वोत्तम नवोदित. त्याची आणि बसची ओळख जेमतेमच झाली. मॅगीला पायरेट्सने 2023 च्या मेच्या सुरुवातीलाच पुन्हा खाली धाडलं होतं.