खिजडियातला मार्च

जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात आमचा नेचर क्लब दर हिवाळ्यात जातो आणि मग मार्चमध्ये पुन्हा जातो. हिवाळ्याच्या फेरीची यादी एका दिवसात भरते. मार्चच्या फेरीला मात्र नावे मिळत नाहीत. पक्षी परतू लागलेले असतात, ऊन चढलेले असते आणि परीक्षा जवळ आलेली असते. माझे मत उलटे आहे. खिजडिया मार्चमध्येच पाहावे.

संस्थानच्या काळात समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून येथे एक लांब बांध घातला गेला. त्याच्या एका बाजूला रूपारेल आणि कालिंद्री नद्यांचे गोडे पाणी साठते. दुसऱ्या बाजूला कच्छच्या आखाताचे खारे पाणी, दलदल आणि तिवरे. जागा साधारण सहा चौरस किलोमीटरचीच, पण बांधावरून चालताना मान इकडून तिकडे वळवली की पक्षी बदलतात. २०२२ मध्ये ती रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. गोड्या पाण्यात काळे वारकरी पोहत असतात. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून मराठीत हे नाव. ते माझ्या बिहारी मित्राला समजावताना मला थेट पंढरपूरपासून सुरुवात करावी लागली.

यंदा आम्ही मार्चच्या पहिल्या रविवारी गेलो. पीटी माफ होती, हे खरे सांगायला हरकत नाही.

काळ्या मानेच्या करकोच्यांची जोडी पाण्यात उभी होती. या पक्ष्यात नर आणि मादी सारखेच दिसतात, फरक डोळ्यात असतो. मादीचा डोळा पिवळा, नराचा गडद तपकिरी. चौघांत एक दुर्बीण होती. मी चाक फिरवले आणि पिवळा डोळा स्वच्छ दिसला. "मादी!" मी सांगितले आणि दुर्बीण शेजारी दिली.

"यार, तूने फिर घुमा दिया," तो म्हणाला. त्याला सगळे धूसर दिसत होते.

असे चार वेळा झाले. जीवशास्त्राच्या मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला दूरची एक पाटी दाखवली आणि वाच म्हणाल्या. पाटी आहे एवढेच मला कळत होते.

तेवढ्यात वरून आवाज आला. कुंज पक्षी, म्हणजे आपले कांड्या करकोचे, परत निघाले होते. ते मध्य आशिया आणि मंगोलियाकडे जातात. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले आईबापांबरोबरच पहिला प्रवास करून इथे आलेली असतात. सगळे माना वर करून मोजू लागले. साठ, सत्तर, कोणी ऐंशी म्हणाले. आवाज सर्वांत आधी मी ऐकला होता. आकाशात मला एक पुसट रेघ दिसली, मग तीही नाही.

सहावीत शाळेत आल्यापासून माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लढाऊ विमान आहे.

मी पाण्याच्या कडेला जाऊन बसलो. पाणकणसाच्या पातीवर चतुराची कात चिकटलेली होती, पाठीवर चिरलेली, आतून पोकळ. चतुराचे पिल्लू पाण्यात राहते. त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो झटकन पुढे येतो आणि पकडतो. मोठे झाल्यावर ते पातीवर चढते, कात टाकते आणि उडते. त्या कातीवरचे डोळ्यांचे फुगवटेसुद्धा मला दिसत होते. जवळचे मला सगळे दिसते. निवळ्या पाण्यावर चालताना पायाखाली पाण्याला पडणारे खळगे मी मित्रांना दाखवले, तेव्हा त्यांना गुडघ्यांवर यावे लागले.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. उडणाऱ्या शाखेसाठी नजरेची अट किती कडक असते, हे आमच्या हाऊसमध्ये कोणालाही विचारा. रविवारी घरी फोन केला. बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चष्मा लाव. गणिताचं काय झालं ते सांग." आई मात्र गाजर खा म्हणाली. ती अजूनही दर फोनला म्हणते.

महिनाअखेरीस मॅडम आम्हा सहा जणांना पुन्हा घेऊन गेल्या. बदके थोडीच उरली होती. तीन पिवळे धोबी चिखलावर शेपट्या हलवत फिरत होते. जाण्याआधी त्यांचा रंग चढतो, डिसेंबरात ते असे पिवळे नव्हते. शेकाट्यांचे तांबडे पाय मला दुर्बिणीशिवाय दिसले. दूरची पाटीही वाचली. तिच्यावर प्लास्टिक टाकू नये असे लिहिले होते.

नोंदवहीत कुंजांपुढे मी शून्य लिहिले. खाली नवा रकाना आखला, चतुराच्या काती, आणि त्यापुढे अकरा.