असईचा हत्ती आणि शिरूरची ज्वारी

सहलीला जाणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. काही पाहायला जातात, काही मोजायला. आमची ही दुसऱ्या प्रकारातली. भरलेल्या पैशांत किल्ले किती, देवळं किती आणि चहा किती वेळा, याचा हिशेब तिच्यापाशी चोख असतो. त्यामुळं ग्लासगोच्या पुतण्यानं आम्हा दोघांसाठी शनिवार-रविवारची गाइडसहित सहल ठरवली, तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला, "किल्ले किती रे?"

"एक किल्ला, एक लष्करी सोहळा आणि एक रणांगण, काकू."

"आणि जेवण?"

"ते आपलं आपण."

"मग महाग पडली की!"

गाइड म्हणजे सहा फुटी उंचापुरा गडी. कमरेला चौकड्याचा लोकरी घागरा, खाली उघडे गुडघे. ऑगस्ट असूनही आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवलेले. ही माझ्या कानाशी लागली, "थंडी वाजत नसंल का ओ त्याला?" तो त्याच घागऱ्याची कुळकथा सांगत होता. 1746 साली सरकारनं या पोशाखावर बंदी घातली, ती उठली 1782 साली. छत्तीस वर्षं! म्हणूनच तो आजतागायत टिकला असावा. ज्या वस्तूवर सरकार बंदी घालतं तिला मरण नाही. आपल्या धोतरावर कुणी बंदी घातली नाही, म्हणून बिचारं आपणहून गेलं.

एडिंबराच्या किल्ल्यावर बरोबर एक वाजता तोफ उडाली. जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1861 पासून रविवार सोडून ती रोज उडते. बारा सोडून एकच का, असं कुणीतरी विचारलं. गाइड म्हणाला, "बाराला उडवली तर बारा बार काढावे लागतील!" त्यांच्याकडचा हा जुनाच विनोद. पण हिला तो विनोद वाटलाच नाही. "शहाणी माणसं हायत," असा तिनं तिथल्या तिथं दाखला देऊन टाकला.

संध्याकाळी किल्ल्यापुढच्या पटांगणात लष्करी सोहळा. 1950 पासून दर ऑगस्टात होतो. मशाली पेटल्या, ढोल घुमले आणि शेकडो बॅगपाइप एकदम सुरू झाले. "सनईला पडसं झाल्यागत वाटतंय," ही म्हणाली खरी, पण तिचा पाय ताल धरून होता. शेवटी सगळं थांबलं आणि वर तटावर एकटाच वादक उभा राहून वाजवू लागला. तेव्हा मात्र तिनं पदर डोळ्याला लावला. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

बाहेर पडताना दिव्याच्या उजेडात गाइडच्या छातीवरचा बिल्ला मला दिसला. त्यावर चक्क हत्ती! ज्या मुलखात बैलाच्याही अंगावर लोकर असते, तिथं हत्ती कुठून आला? तो अभिमानानं म्हणाला, "आजोबांचा आहे. हायलँड लाइट इन्फन्ट्री. हा अस्सायेचा हत्ती."

अस्साये म्हणजे आपली असई, जालना जिल्ह्यातली! 23 सप्टेंबर 1803. इंग्रजांकडून वेलस्ली, समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळ गावं आणि जाण्यायेण्याला वाट नाही, असं होईलच कसं, असा त्यानं तर्क केला, आणि उतार सापडला. त्याला आपली सोयरीक समजली होती, मग लढाई समजायला काय वेळ! तरीही त्याची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली. 74 वी हायलँडर पलटण तर जवळजवळ कापली गेली. तिचाच हा हत्ती. शिंद्यांचे गोलंदाजही तोफा न सोडता जागच्या जागी मेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. त्यांचा मात्र कुठं बिल्ला नाही.

हे सगळं मी रविवारी कलोडनच्या वाटेवर गाइडला ऐकवलं. त्यानं सरळ माझ्या हाती माइक दिला. चाळीस गोरे चेहरे माझ्याकडं वळले. मास्तरकीत उभा जन्म गेलेला; माइक दिसल्यावर मी काय सोडतो! उदगीर काढलं. 3 फेब्रुवारी 1760. सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारदी, निजामाची उडालेली दाणादाण, हाती आलेला साठ लाखांचा मुलूख. "वर्षही उलटलं नाही तोच पानिपत झालं," मी म्हणालो, "आणि आम्ही पानिपताची म्हण केली. उदगीरचा जय मात्र कुणाच्या तोंडी नाही."

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कुणाच्या बाजूनं होतं?"

मी गप्प. आता काय सांगावं? आमचं शिरूर अनंतपाळ पिढ्यान् पिढ्या निजामाच्या मुलखातलं, 1948 पर्यंत. म्हणजे उदगिरात 'आपण' जिंकलो म्हणावं तर आपलं सरकार हरलेलं. बरं, असईला निजाम इंग्रजांचा दोस्त. म्हणजे कागदोपत्री आम्ही या घागरेवाल्यांच्याच बाजूचे! चाळीस चेहरे उत्तराची वाट पाहत होते.

ही खालून म्हणाली, "सांगा की, गाव ज्वारीच्या बाजूनं होतं."

"काय?"

"फेब्रुवारी म्हणलाव न्हवं? रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असती. उदगीरहून औशाकडं फौजा जायच्या म्हणल्यावर आपल्याच शिवारातनं की ओ. दोन्हीकडची घोडी काय उपाशी चालली असतील?"

मी इंग्रजी करून सांगितलं. बसमध्ये कुणी हसलं नाही. गाइडनं माइक परत घेतला, पण बराच वेळ बोलला नाही.

कलोडनच्या माळावर वारा नुसता कापत होता. 16 एप्रिल 1746 ला इथं डोंगरी स्कॉट मोडले. कुळाकुळांच्या नावाचे दगड गवतात उभे आहेत. त्यातल्या एकापाशी थांबून गाइड म्हणाला, "आमच्या घराण्यातले दोन्ही बाजूंना होते. हरलेले इथं पुरलेत. पुढं त्यांच्याच नातवंडांना राजानं पलटणीत घेऊन तुमच्याकडं पाठवलं." मग हिच्याकडं वळून विचारलं, "त्या वर्षीची ज्वारी वाचली का?"

"पुढच्या वर्षी पेरली असंल," ही म्हणाली, "नाहीतर आम्ही कुठून आलो असतो?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं टोपी काढली. हिला वाटलं, बक्षिशी मागतोय. तिनं पर्स उघडली आणि मोजून दोन पौंड टोपीत टाकले.