मळवलीच्या वाटेवर ठरलेल्या वायरी

आमच्या पिढीच्या कोळीवाड्यातल्या पोरांना मळवली स्टेशन चैत्रात भेटायचं. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरायची आणि पुढच्याच स्टेशनावर अख्खं घर उतरायचं: आजी, काकू, ओटीच्या पिशव्या, ढोलकी, पेंगुळलेली लहान भावंडं. चैत्र शुद्ध सप्तमीला एकवीरा आईची पालखी. स्टेशनापासून कार्ल्याच्या पायथ्यापर्यंत बायका गाणी म्हणत चालायच्या, आणि मागे रेंगाळलेली बाप्यामाणसं बोटीच्या वायरींवर वाद घालायची.

कारणही तसंच होतं. जत्रा झाली की मोसमाचे थोडेच दिवस उरायचे. मग बोट किनाऱ्यावर ओढायची, तिच्यावर झावळ्यांचं छप्पर घालायचं आणि पावसाळाभर दुरुस्ती. आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते. तेव्हा आमच्या घरी नारळी पौर्णिमा हीच मुदत होती. जाळी विणणं, रंग, इंजिन यांचे दिवस ठरलेले. वायरींना मात्र कुणी वाली नव्हता, म्हणून त्यांचा फैसला मळवलीच्या वाटेवर व्हायचा.

आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. रॉकेलचा कंदील, फार तर गॅसबत्ती. इंजिनाबरोबर बॅटरी आली, मग डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, डोलकाठीवर पांढरा दिवा आला. पुढे वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारं यंत्र, मोबाइलचा चार्जर आणि एका भावाने हट्टाने बसवलेला टेपरेकॉर्डर. दरवर्षी नवी वायर जोडली जायची, जुनी कुणी काढायचं नाही. कुठली कशाची, हे फक्त धाकट्या काकांना ठाऊक. ते आजारी पडले की बोट अर्धी आंधळी.

काका वायरमन नव्हते, पण त्यांचे नियम पक्के होते. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळणारा त्यांच्या लेखी नालायक. खारी हवा टेपच्या आत शिरते, तांब्यावर हिरवी बुरशी चढते आणि वायर आतून भुगा होते. वरून बघावं तर नवीकोरी. म्हणून ते कल्हई केलेल्या तारांची वायर मागवायचे, टोकाला थिंबल दाबायचे, बॅटरीच्या खुंट्यांना ग्रीस फासायचे. प्रत्येक दिव्याला स्वतःचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. यंत्राजवळ वायर थोडी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळणारं पाणी झोळापाशीच टपकतं.

जाड वायर महाग पडते म्हणून बाबा कुरकुरायचे. मग काका बिडीच्या पाकिटावर हिशेब मांडत. ३६ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढतो. डोलकाठी १० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर. १ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर व्होल्टभर वीज वाटेतच जिरते. अडीचची घातली तर अर्ध्याहून कमी. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट कुणाला कळत नाही, बोटीवर मात्र दिवा पिवळा पडतो. वाद मिटवायची आई. पैसे तिच्या मासळीच्या पाटीतलेच असायचे, ती म्हणायची, “अडीचची घ्या, आणि आता पाय उचला.”

पायऱ्या चढून देवळापाशी आलं की शेजारीच कार्ल्याचं चैत्यगृह. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी छताला अजून आहेत. आम्हा पोरांना ती पालथी घातलेली बोटच वाटायची. आणखी एक गोष्ट काका दरवर्षी नव्याने सांगायचे: इथल्याच वळवणच्या तलावाचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज काढली आणि ती मुंबईला नेली. “आई इथली, वीजही इथलीच,” असं म्हणून ते आजीकडे बघत. आजीला हे असलं बोलणं मुळीच खपत नसे.

आषाढात मग झावळ्यांखाली बसून सगळ्या वायरी उपटायच्या. थोरली बहीण वायरीच्या टोकाला रंगीत रबरी नळीचे तुकडे चढवायची, कारण तिचंच अक्षर आणि तिचीच शिस्त बरी होती. लाल बत्तीला लाल, हिरवीला हिरवा, यंत्रांना पिवळा. भाऊ क्लिपा ठोकायचे. काढलेल्या मेलेल्या वायरींची मोळी भंगारवाल्याकडे जायची आणि त्या पैशांवरून भांडणं व्हायची.

आता भाचा मोटारीने कार्ल्याला जातो, वायरींचा नकाशा मोबाइलवर ठेवतो. एलईडीमुळे दिव्याचे ३६ वॉट पाच-सहावर आले, तेव्हा बारीक वायर चालेल असं त्याचं म्हणणं. थोरल्या बहिणीने त्याच्याकडून तो नकाशा कागदावर काढून घेतला, प्लास्टिकमध्ये बंद करून केबिनच्या दाराआड ठोकला, आणि वायर अडीचचीच आणायला लावली.