फाईलला लागलेलं कुलूप

उर्दूच्या तासाला ‘क़ुफ़्ल’ शब्द आला की मुलं अडखळतात. मग मी फळ्यावर शेजारी ‘कुलूप’ लिहिते आणि वर्गात हशा पिकतो, कारण तो शब्द घराघरात आधीपासूनच लटकलेला असतो. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल हीसुद्धा त्याच घराण्यातली मंडळी. दुकानाच्या वहीत कधीची येऊन बसलेली.

आता वहीच्या जागी फाईल आली आणि कुलूप तिलाही लागतं. शाळेत संगणकाचं काही अडलं की मलाच हाक मारतात, त्यामुळे गेल्या रमजानात मामेभावानंही मलाच फोन केला. त्याचा खजूर आणि सुक्यामेव्याचा घाऊक धंदा आहे. दुकानात दोन कंप्युटर, मागच्या गोदामात एक. स्टॉकची एक्सेल फाईल दुकानातल्या मोठ्या कंप्युटरवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असते आणि तिघं तिथूनच ती उघडतात. तीन दिवस सकाळी फाईल उघडत नव्हती. पडद्यावर संदेश यायचा की फाईल दुसऱ्या कुणीतरी संपादनासाठी उघडलेली आहे. आणि त्या ‘कुणीतरी’चं नावही यायचं. हिशेब लिहिणाऱ्या मुलीचं.

ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. इफ्तारच्या आधी साडेपाचला घरी जाते, सकाळी साडेदहाला येते. संदेश यायचा दहाला, ती यायच्या आधी. त्यातच खजुराची सहा खोकी कमी भरली. फाईल म्हणत होती 46, गोदामात मोजली तर 40. मामेभावाच्या मनात दोन्ही गोष्टी जुळून आल्या. ही घरी बसून फाईल उघडते, आकडे फिरवते. मी म्हटलं, असं कसं होईल? तर म्हणाला, “बाजी, कंप्युटर झूट बोलतै क्या?”

कंप्युटर खोटं बोलत नव्हता. त्याला जे नाव सांगितलेलं होतं तेच तो सांगत होता.

शेअर केलेल्या फोल्डरमधली फाईल एक्सेलमध्ये उघडली की तिच्या शेजारी एक छोटी, लपलेली फाईल तयार होते. तिच्या नावाच्या सुरुवातीला एक नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं. कुणी उघडलं त्याचं नाव त्या छोट्या फाईलमध्ये लिहिलं जातं आणि मूळ फाईल नीट बंद केली की ती पुसली जाते. हे नाव माणसाला ओळखून लिहिलेलं नसतं. एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘जनरल’खाली, ‘युजर नेम’ म्हणून एक चौकट असते. तिथे जे टाइप केलेलं असेल तेच उचललं जातं. कुणी बदललं नाही तर त्या कंप्युटरसमोर पुढे कोणीही बसो, नाव तेच.

शाबानमध्ये मामेभावानं त्या मुलीला नवा कंप्युटर घेतला होता आणि तिचा जुना उचलून गोदामात ठेवला होता. हे त्यानंच मला बोलता बोलता सांगितलं, पण या दोन गोष्टींची सांगड त्याला लागली नव्हती.

तरी अंदाजावर कुणाला निर्दोष ठरवायचं नाही आणि दोषीही नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी दुकानात गेले. फाईल ज्या कंप्युटरवर आहे तिथे ‘कंप्युटर मॅनेजमेंट’ उघडलं. त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘सेशन्स’ व ‘ओपन फाइल्स’ असतात. ‘ओपन फाइल्स’चा फारसा उपयोग झाला नाही, कारण तिन्ही कंप्युटर एकाच खात्यानं आणि एकाच पासवर्डनं जोडलेले होते, त्यामुळे तिथे सगळे सारखेच. (ही सवय बहुतेक छोट्या दुकानांत दिसते.) ‘सेशन्स’मध्ये मात्र जोडलेल्या कंप्युटरचं नाव किंवा आयपी पत्ता दिसतो आणि तो किती वेळ नुसता बसून आहे तेही दिसतं. रात्रीपासून फाईल धरून बसलेला कंप्युटर गोदामातला होता.

तिथूनच उजवं बटण दाबून फाईल जबरदस्तीनं सोडवता येते. पण समोरच्यानं सेव्ह न केलेलं काम त्यात जाऊ शकतं, म्हणून आधी गोदामात जाऊन पाहिलं. मॉनिटर बंद, खाली डबा चालूच. पोरं तरावीहनंतर उशिरापर्यंत माल काढायची आणि जाताना मॉनिटरचं बटण दाबायची. पडदा काळा झाला की त्यांच्या लेखी कंप्युटर बंद. फाईल रात्रभर उघडी, मुलीच्या नावानं.

मग कुलूप हवंच कशाला, असं मामेभावानं विचारलं. समजा 40 खोकी आहेत. दोघांनी एकाच वेळी फाईल उघडली. एकानं 10 विकून 30 लिहिले आणि सेव्ह केलं. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून 40च आहेत, त्यानं 5 विकून 35 लिहिले आणि सेव्ह केलं. पहिल्याची विक्री गेली. गोदामात 25, फाईलमध्ये 35. कुलूप हे थांबवतं.

त्याच्याकडे घोळ झाला तो कुलपाला वळसा घातल्यामुळे. फाईल अडली की तिथेच ‘रीड ओन्ली’चा पर्याय येतो. गर्दीच्या वेळी दुकानातला नोकर तो दाबायचा, विक्री लिहायचा, आणि मूळ फाईलवर सेव्ह होत नाही म्हणून दुसऱ्या नावानं ठेवून द्यायचा. फोल्डरमध्ये मला ‘स्टॉक 2’, ‘स्टॉक नवीन’ आणि ‘स्टॉक नवीन फायनल’ सापडल्या. जोहरपर्यंत मी आणि ती मुलगी शेजारी बसून ओळ ओळ ताडत होतो. सहा खोक्यांची विक्री ‘स्टॉक नवीन’मध्ये होती, गिऱ्हाइकाच्या नावासकट. पैसे गल्ल्यात आधीच जमा झाले होते.

मामेभाऊ तिला काही बोलला नव्हता, आणि नंतरही बोलला नाही. पण तिला काहीच कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते तीन दिवस कपाटाची चावी तिला मागून घ्यावी लागत होती. आधी ती टेबलावरच पडलेली असायची. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की चावी पुन्हा टेबलावर ठेव, आणि ती तिच्यासमोर ठेव.

त्या दिवशी केलेली कामं किरकोळ होती. प्रत्येकाला वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड दिला. ‘स्टॉक’च्या प्रती मूळ फाईलमध्ये उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या. गोदामातल्या पोरांना ‘शट डाउन’ कुठे असतं ते दाखवलं. धंदा वाढला तर एकेका नोंदीलाच कुलूप लावणारं, बऱ्याच जणांनी एकदम वापरायचं सॉफ्टवेअर त्याला घ्यावंच लागेल. रमजानात त्याला सवड नव्हती. ईदनंतर बघू म्हणाला, अजून बघतोय.

गोदामातल्या एक्सेलमधलं नाव मी बदलायला निघाले तर ती मुलगी म्हणाली, “मॅडम, ते मी करते.” तिनं त्या चौकटीतलं आपलं नाव पुसलं आणि ‘गोदाम’ असं लिहिलं. आता कधी सकाळी संदेश आला तर फाईल ‘गोदाम’नं धरलेली दिसते, आणि कुणीतरी मागे जाऊन ती बंद करून येतं.