भंडारदऱ्याला आलेला बर्फाचा गळ

गेल्या जानेवारीत माझा भाचा अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून आईसाठी बदाम निघाले, माझ्या धाकटीसाठी रंगांची पेटी निघाली आणि सर्वांत तळाशी, दोन टॉवेलांत गुंडाळलेली, अशी एक वस्तू निघाली की ती काय आहे हे घरातल्या एकालाही सांगता येईना. दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये डुलणारी एक पन्हळ आणि पन्हळीच्या शेपटाला तळहाताएवढा नारिंगी झेंडा. आमच्या सौभाग्यवतींना तो देवघरातला काही प्रकार वाटला. माझ्या आईने चष्मा लावून तिच्याकडे पाहिले आणि ही चरख्याची मोडतोड आहे असा निकाल देऊन टाकला.

"मामा, हा गळाचा स्टँड आहे," भाचा म्हणाला. "बर्फावरचा."

मी गेली वीस वर्षे वर्गात 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार समजावून सांगत आलो आहे. पण गळ म्हणून जो काही असतो तो मी आयुष्यात हातात धरलेला नव्हता. आमचे घर शाकाहारी. मासा आमच्याकडे येतो तो फक्त सुभाषितांतून.

भाचा राहतो मिनेसोटात. त्या राज्यात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत आणि हिवाळ्यात ती गोठतात. चार इंच जाडीचा बर्फ झाला की माणसाने त्यावरून चालायला हरकत नाही असे तिकडचे सरकारी खाते सांगते. पुढे बर्फ आणखी जाड झाला की लोक मोटारी घेऊन तळ्याच्या मध्यापर्यंत जातात. मग गिरमिटाने बर्फात भोक पाडायचे आणि त्यातून गळ खाली सोडायचा. तिथे हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ लावायची मुभा असते. एक हातात धरला तर दुसऱ्याकडे कोण पाहणार? शिवाय हात तरी किती वेळ उघडा ठेवणार? म्हणून हा स्टँड भोकाच्या काठावर ठेवतात. वीतभर-दोन वीत लांबीची आखूड काठी पन्हळीत अशी बसवायची की तराजूच्या दांडीसारखी ती समतोल राहावी. मासा खाली ओढू लागला की काठीचे टोक भोकाकडे झुकते, शेपूट वर उचलले जाते आणि झेंडा उभा राहतो. लांब गाडीत कॉफी पीत बसलेल्या माणसाला तो दिसतो. तो धावत येतो, काठी उचलतो आणि मग पुढची झटापट हातांनी करतो.

जुन्या पद्धतीच्या स्टँडवर काठी नसते. दोऱ्याचे रीळ पाण्याखालीच बुडालेले असते, त्यामुळे ते गोठत नाही. पण मासा लागला की दोरा उघड्या हाताने ओढावा लागतो. काठीच्या स्टँडवर रीळ वर हवेत असते, म्हणून मधूनमधून ते बर्फाने धरते. "पण मजा काठीचीच," असे भाच्याचे मत. हे सारे तो इतक्या तन्मयतेने सांगत होता की मला वाटले, हा मला दाखवायला आणलेला नाही. आणि तसेच होते.

"हे बाबांसाठी आहे. भंडारदऱ्याच्या," तो म्हणाला.

बाबा म्हणजे कोण, हे मला आठवायला क्षणभर लागला. माझे मेहुणे पाटबंधारे खात्यात होते आणि भाच्याची बारा वर्षांपर्यंतची वर्षे भंडारदऱ्याच्या धरणाजवळ, शेंडीला गेली. कॉलेजच्या सुट्टीत मीही तिथे जाऊन राहत असे. धरणाच्या वसाहतीत रोजंदारीवर येणारे एक गृहस्थ होते, रतनवाडीच्या वाटेवरच्या एका वाडीतले. जातीने महादेव कोळी. कोळी म्हटले की आपल्यासारख्या शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि होडी उभी राहते. पण हे कोळी डोंगरातले, भाताची आणि नागली-वरईची शेती करणारे. मासा हा त्यांचा धंदा नव्हे, संध्याकाळची सोय. त्यांनी या पोराला गळ टाकायला शिकवले. पुढे मेहुण्यांची बदली झाली. निघताना पोराने त्यांना सांगितले होते, "दिवाळीत येतो." त्याला तेवीस वर्षे झाली.

ते असतील का, असले तर ओळखतील का, अशी शंका मला होती आणि ती मी बोलूनही दाखवली. भाच्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो.

नगर सोडून अकोल्याकडे जाणे म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्यासारखेच आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, जिभेला मात्र सवयीने नगरच येते.) महाराष्ट्रातला हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. पूर्वेला पावसाची वाट पाहण्यात जन्म जातो आणि पश्चिमेच्या टोकाला घाटघरसारख्या गावी पाऊस इतका कोसळतो की त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. संगमनेर सोडले, अकोले सोडले, राजूरच्या पुढे डोंगर जवळ आले. डावीकडे रंध्याचा धबधबा हिवाळ्यात पार रोडावलेला. मग शेंडी आणि ते धरण.

धरण १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. उंची २७० फूट, सारे दगडी बांधकाम. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा इथे अडवली, आणि हे सुमारे ११ टीएमसी पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत शिरून संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या मुलखात गेले. तिथे ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला. आपण चहात घालतो त्या साखरेच्या किती चमच्यांत हे डोंगरातले पाणी आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्यांची खाचरे या पाण्याखाली गेली त्यांनी तो मनाशी मांडला असेल.

वाडी सापडली आणि बाबाही सापडले. अंगणात हिरडे वाळत होते, त्यांच्या शेजारी ते उन्हात बसले होते. वय पंचाहत्तरीचे असावे. भाचा पुढे होऊन नुसते "बाबा" म्हणाला. त्यांनी मान कलती केली, जणू कान पुढे करत होते.

"साहेबाचं पोरगं न्हवं का तू?" ते म्हणाले. "आवाज बापावानी झाला रं. दिवाळी लई लांबली ह्या वक्ताला."

भाचा हसला, पण त्याला पुढे बोलता आले नाही. मीच उगाच प्रवासाचे, रस्त्याचे काहीतरी बोलत राहिलो.

संध्याकाळी आम्ही पाण्याकाठी गेलो. बाबांचा तरुण नातू बरोबर होता. बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. ते वयामुळे, असे मी धरले. जलाशय भरलेला होता, पलीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा काळसर दिसत होता. बाबांनी एक जागा सांगितली: "त्या धोंडीपून डाव्या अंगाला. तिथं आमच्या आज्याचं खाचर व्हतं. बांध हाये खाली. मासा बांधाच्या कडंला असतो." उन्हाळ्यात पाणी उतरले की ते जुने बांध उघडे पडतात, तेव्हा ते जाऊन पाहून येतात. आपल्या आजोबांची बुडालेली शेती ज्याला इतक्या उपयोगाची ठाऊक आहे असा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

भाच्याने दोन सपाट दगडांवर आपला स्टँड मांडला. काठी बसवली, रिळाची पकड सैल केली, गळाला गांडूळ लावले आणि दोरा दूर फेकला. बाबांनी सगळ्याला बोटे लावून पाहिली. पन्हळ, खांब, शेपूट.

"म्हंजी बेचकंच की," ते म्हणाले.

त्यांचे बेचके नातवाने आधीच रोवून ठेवले होते. करवंदीच्या झुडपाची दोन फाटे असलेली काठी, तिच्यावर बांबू टेकवलेला, बांबूच्या टोकाशी तंगुसाला बांधलेले एक घुंगरू. झाले.

मग बर्फाची गोष्ट निघाली. पाण्यावर माणसे चालतात हे त्यांनी मान्य केले. मोटार चालते हे नाही. "आन् मासं मरत न्हाईत?" भाचा समजावू लागला. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते; त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते, म्हणून बर्फ वरून धरतो आणि तळाला मासे जगतात. मला हे शाळेत शिकवले होते. ते खरे असते हे तेव्हा कळले. बाबा म्हणाले, "थंडीचा मासा खालीच जातो, ते ठावं हाये." एवढ्यावर दोघांचे एकमत झाले.

इतक्यात झेंडा उभा राहिला. भाचा धावला. काही नाही. पुन्हा मांडले. पुन्हा झेंडा, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा तसेच झाल्यावर नातू हसू लागला. कारण उघड होते आणि ते भाच्याच्या लक्षात आले. बर्फाखालच्या पाण्याला लाट नसते, वाराही लागत नाही; दोरा भोकातून सरळ खाली लोंबतो. इथे तो तिरका गेलेला, वाऱ्याने पोट काढलेला, आणि प्रत्येक लाट त्याला माशासारखी ओढत होती. भाच्याने शिसे वाढवले, काठी पन्हळीत जरा मागे सरकवली, आणि सगळा संसार उचलून धोंडीच्या आडोशाला मांडला. आता जमले. एक बारीक ओढ लागली, झेंडा हळूच उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

"बाबा, बघा, बघा! झेंडा!" भाचा ओरडला.

बाबा पाण्याकडे तोंड करून बसले होते. झेंडा उजवीकडे होता.

"कुठं?" ते म्हणाले.

नातवाने मग सांगितले. काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच, दुसऱ्याला नळीतून पाहावे तेवढे दिसते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे, ते राजूरहून आणावे लागतात आणि कधी संपतात. हे सारे त्याने हवापाण्याबद्दल सांगावे तसे सांगितले. बाबा मध्येच म्हणाले, "झेंडा चांगला हाय. डोळं हायेत त्याच्या कामाचा."

भाचा बराच वेळ स्टँडपाशी उकिडवा बसून राहिला. एवढ्या समुद्रापलीकडून त्याने नेमकी डोळ्यांनी पाहायची वस्तू आणली होती. मी काही बोलणार होतो, पण मास्तर माणसाने अशा वेळी गप्प बसावे एवढी अक्कल मला सुदैवाने सुचली. मग त्याने खिशातला चाकू काढून झेंड्याची पट्टी कापली आणि नातवाला विचारले, "आणखी घुंगरू आहे का रे?" नातू घराकडे पळाला. आला तो आपल्या धाकट्या बहिणीच्या पैंजणातली दोन घुंगरे घेऊन. मागून ती मुलगी रडत आली. तिला झेंडा देऊन समजूत काढली.

घुंगरे शेपटाला बांधली. पण आता शेपूट जड झाले आणि तोल गेला. काठी पुन्हा पुढे सरकवावी लागली. बाबा हाताने तोल पाहत होते, भाचा डोळ्यांनी. शेवटी बाबांचेच खरे ठरले.

रात्री शेकोटी केली. थंडी अशी की मला मिनेसोटाची कल्पना यावी. भाच्याने अंगातला स्वेटर काढून ठेवला. भाकरी आणि उडदाचे पिठले झाले. डोळा लागतो न लागतो तोच बाबा उठून बसले. मला काहीच ऐकू आले नव्हते.

"परदेशी वाजलं," ते म्हणाले. "आमचं न्हवं."

मी जवळ होतो. "मास्तर, उचला!" मी काठी उचलली. हाताला जे लागले ते शब्दांत सांगण्यासारखे नाही, आणि मी शब्दांचाच धंदा करतो. अंधारातून कोणीतरी जिवंत मला खाली ओढत होते. मी घाबरून सर्व शक्तीने झटका दिला. तंगूस तटकन तुटला.

"वाम व्हती," बाबा म्हणाले. "रातीची, तळाची. मास्तर, मासा बैल न्हाई." नातू इतका हसला की शेकोटीत पडायचा. मला मात्र, खरे सांगायचे तर, सुटका झाल्यासारखेच वाटले. ती वामेची की माझी, कोण जाणे. पहाटे घुंगरू पुन्हा वाजले. या खेपेस काठी बाबांनी घेतली आणि हातभर वाम घाई न करता काठाला आणली. ती त्यांच्या घरी शिजली. भाच्याने खाल्ली, मी भाकरी-चटणी खाल्ली.

निघताना बाबांनी "आता कव्हा?" असे विचारले नाही. भाच्यानेही दिवाळीचे नाव काढले नाही. त्याने नातवाच्या फोनचा नंबर घेतला आणि डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी माझ्याकडे दिली. आता दर महिन्याला ते थेंब मी पाठवतो. एका महिन्यात विसरलो होतो, तेव्हा अमेरिकेतून रात्री दोन वाजता फोन आला.

परवा पुन्हा आला. येत्या जानेवारीचे तिकीट काढले आहे, बाबांना काय आणू ते विचारून ठेवा, असा. मी शेंडीला फोन लावला. नातवाने तो बाबांच्या कानाला धरला. ते थोडा वेळ विचार करत राहिले, मग म्हणाले, "तंगूस आन म्हणावं. जाड. मास्तर बी येतील न्हवं?"