सोनापूरला जाण्याआधी

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्यावर उर्दूत ‘खिदमत’ आणि त्याखाली मराठीत ‘फिल्मची तयारी’ असे लिहिलेले आहे. आतला मजकूर अर्धा उर्दूत, अर्धा मराठीत आणि समासात कुठे कुठे मालवणीत. आम्ही आहोतच तसे. वर्गात उर्दूतून शिकवतो, लिहायला बसलो की मराठीत लिहितो आणि आपसात भांडायचे झाले तर मालवणीशिवाय आमचे भागत नाही.

आम्ही म्हणजे तिघे. उर्दू माध्यमाच्या शाळेतले दोन शिक्षक, आणि आमचाच एक जुना विद्यार्थी, जो हल्ली लग्नांची शूटिंग करतो. वेंगुर्ल्यातून दुबईला जायचे आणि तिथे आपली कामधंद्याची माणसे एकमेकांसाठी जी विनामोबदला सेवा करतात तिच्यावर वीस मिनिटांची फिल्म करायची, असा आमचा बेत आहे. ऐकणाऱ्याला हसू येते. सावंतवाडीला बदली झाली तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो त्या मास्तरांनी दुबईत शूटिंग करायचे! पण या बेतामागे एक घर आहे. त्या घराविषयी आधी सांगायला हवे.

बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या ओळखीच्या एका खालांचे घर आहे. त्यांचा धाकटा मुलगा आमच्या शाळेतून दहावी झाला, आयटीआय केली आणि दुबईला एसी दुरुस्तीच्या कामाला लागला. २०२० च्या मे महिन्यात तो तिथल्या इस्पितळात कोरोनाने गेला. त्या दिवसांत कोरोनाने गेलेल्यांची मय्यत मायदेशी पाठवत नसत. तिथेच दफन झाले. रत्नागिरीकडचा एक ड्रायव्हर, ज्याचे या घराशी काही नाते नाही, तो कागदपत्रांसाठी धावला, जनाज्याच्या नमाजाला उभा राहिला आणि रात्री त्याने खालांच्या थोरल्या मुलाला फोन केला : “भाई, सगळे रीतीप्रमाणे झाले. चार माणसे होतो.”

चार माणसे होती, हे वाक्य आमच्या मोहल्ल्यात बरेच दिवस घोळत राहिले. ती चार माणसे कोण? त्यांना कुणी सांगितले होते? त्या काळात लोक सख्ख्या भावाच्या मय्यतीला जायला घाबरत होते. फिल्म करायची कल्पना तिथून सुचली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरातले कुणी आखातात आहे त्यांना हे काम काय असते ते माहीत असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. परक्या मुलखात माणूस गेला की इस्पितळाचा कागद, पोलिसांची ना हरकत, मालकाची सही, मृत्यूचा दाखला, आपल्या वकिलातीत नोंद, पासपोर्ट रद्द करणे, वकिलातीचे ना हरकत पत्र, शव टिकवण्यासाठी मसाला भरणे आणि शेवटी विमानात मालाच्या जागेचे आरक्षण, एवढी दारे ओलांडावी लागतात. ज्याचे कुणी नाही त्याच्यासाठी यातल्या प्रत्येक दारात कुणाला तरी उभे राहावे लागते. केरळच्या कोळिकोड जिल्ह्यातले अशरफ थामरसेरी हे अजमानमध्ये राहून वर्षानुवर्षे हेच करत आले. धर्म, देश न विचारता त्यांनी हजारो मृतदेह घरी पाठवले. २०१५ साली भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. पूर्वी विमान कंपन्या शवपेटीसकट मृतदेह तराजूवर ठेवून किलोवर पैसे घेत. या कार्यकर्त्यांनी आणि संघटनांनी त्याविरुद्ध ओरड केली, तेव्हा कुठे २०१९ च्या सुरुवातीला एअर इंडियाने किलोचा हिशेब बंद करून ठरावीक दर लावला. बारा वर्षांवरच्याला दीड हजार दिरहम, त्याखालच्याला निम्मे.

दुबईत हे मसाला भरण्याचे केंद्र मुहैसना भागात आहे. त्या भागात मजुरांच्या वसाहती आहेत आणि मजुरांनी त्याला नाव दिले आहे सोनापूर. सोन्याचे गाव. आमच्या आधीच्या पिढीतली माणसे बोटीने मुंबईला जात. त्यांना सोनापूर म्हटले की वेगळेच आठवे. मुंबईच्या जुन्या बोलीत सोनापूर म्हणजे स्मशान. ज्याने दुबईतल्या त्या वस्तीला हे नाव दिले त्याला मुंबईचे सोनापूर ठाऊक होते की नव्हते कोण जाणे. आम्ही मात्र वहीत फिल्मचे नाव ‘सोनापूर’ असे लिहून टाकले आणि कामाला लागलो.

पहिल्यांदा पैशाचा विचार झाला. तिघांचे तिकीट, राहणे, खाणे. दुबईत असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितले, “सर, तुम्ही काळजी करू नका. इथे शंभर मुले आहेत, प्रत्येकी थोडे थोडे काढू.” आम्ही खूश झालो. दोन दिवसांनी त्याचाच निरोप आला, “सर, ते राहू द्या.” तिथे परवाना नसताना वर्गणी गोळा करणे हा गुन्हा आहे. २०२१ साली त्यासाठी कडक कायदा झाला. त्याआधी २०१८ साली स्वयंसेवेच्या कामालाही कायद्याने नियम घातले गेले. मग आम्ही इथेच, आपल्या पगारातून दरमहा बाजूला काढायचे ठरवले.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. व्यावसायिक सामान परदेशी नेऊन परत आणायचे तर एटीए कार्नेट नावाचा एक परवाना असतो, आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते. आमच्याकडे एक कॅमेरा आणि दोन लेन्स. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घेतला तर येताना कुणी ड्युटी मागणार नाही, असे आमच्या कॅमेरावाल्याने शोधून काढले. शूटिंगसाठी दुबईच्या फिल्म आयोगाची परवानगी लागते आणि अर्ज तिथल्या नोंदणी असलेल्या कंपनीमार्फत करावा लागतो. पर्यटक म्हणून जाऊन गुपचूप काढून आणू, असा विचार आमच्यापैकी एकाच्या मनात आला होता, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्याने तो हाणून पाडला. मुलांना कॉपी करू नका सांगणारे आपण, असे तो म्हणाला.

पण वहीतले खरे वळण पुढे आहे. तिथल्या कायद्यात आणखी एक कलम आहे. एखाद्याचा त्याच्या संमतीशिवाय फोटो काढला तरी शिक्षा होऊ शकते. हे वाचताना आमच्या एकदम लक्षात आले की, आपण सरकारची परवानगी, कंपनीची परवानगी, वसाहतीच्या मालकाची परवानगी, अशी आठ जणांची यादी केली, पण ज्याच्यावर फिल्म करायची त्याला अजून विचारलेलेच नाही.

म्हणून त्या ड्रायव्हरला फोन लावला. खालांच्या मुलासाठी धावला होता तोच. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, माझा चेहरा नको. मी हे करतो ते अल्लासाठी. कॅमेरा आला की माझी नियत बिघडेल. उद्या मी कबरीपाशी उभा राहीन आणि आपण कसे दिसतो याचा विचार करीन.” थोडा थांबला आणि पुढे म्हणाला, “आणि दुसरे असे की, कधी कधी एखाद्याच्या तिकिटाला आम्ही चार जण खिसे रिकामे करतो. ते तुम्ही फिल्ममध्ये दाखवाल. तुम्ही वेंगुर्ल्याला जाल, मी इथेच असेन.”

आम्हाला लाज वाटली. ज्याचे कौतुक करायला निघालो होतो त्यालाच आम्ही अडचणीत टाकणार होतो. तो मात्र रागावला नव्हता. उलट त्यानेच विचारले, “सर, तुम्ही दहावीच्या मुलांना शिकवता ना? मग त्यांना एक गोष्ट का सांगत नाही?”

ती गोष्ट अशी. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते. म्हणजे आखातात नोकरीला जायचे तर त्याला सरकारची मंजुरी लागते आणि त्या मंजुरीसाठी प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. साहजिकच तो त्या सक्तीच्या विम्यातूनही सुटतो. “तुमच्या शाळेतून पास झालेली मुले इथे येतात ती हात हलवत येतात,” तो म्हणाला. “कुणाच्या घरी पासपोर्टची झेरॉक्स नाही, कंपनीचा पत्ता नाही. फोन करतो तेव्हा आई म्हणते, मोठ्या कंपनीत आहे. कुठल्या, ते माहीत नाही. गरीब माणसाची मय्यत पाठवायला वकिलातीकडे २००९ पासून फंड आहे, तेही कुणाला ठाऊक नसते.”

पंधरा वर्षे आम्ही दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून जादा तास घेत आलो. त्या दाखल्याने मुलांच्या पासपोर्टवरचा शिक्का टळतो याचा आम्हाला अभिमान होता. शिक्क्याबरोबर आणखी काय टळते, हे आम्हाला एका ड्रायव्हरने शिकवले.

त्याने आणखी एक आठवण सांगितली, ती आम्ही तारखेसकट वहीत उतरवली. एप्रिल २०२० मध्ये अबू धाबीहून दिल्लीला पोचलेले तीन भारतीयांचे मृतदेह विमानतळावरूनच परत पाठवले गेले. कोरोनाने गेलेलेही नव्हते ते. नियम स्पष्ट नव्हते, एवढेच. दोन दिवसांनी केंद्र सरकारने नियम काढले. “तेव्हापासून मी कुठलाही कागद दोनदा वाचतो,” तो म्हणाला.

मग आम्ही फिल्मचा आराखडा बदलला. चेहरे नकोत. हात, कागद, शिक्के, रिकामी बाके आणि मराठीतून निवेदन. सेवा करणाऱ्याचे नाव नाही. आम्हाला वाटले, आता सगळे जमले. डाव्या हाताला कळू नये असे दान आणि तरी लोकांना कळावी अशी फिल्म, दोन्ही साधले.

आराखडा घेऊन आम्ही खालांकडे गेलो. त्या ओटीवर आमसुले वाळत घालत होत्या. आम्ही सगळे समजावून सांगितले. कोणाचाच चेहरा दाखवणार नाही, हेही सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “माका त्यात घालू नका. लोक बगतले नि म्हणतले, बगा, रडता.”

“नाही खाला, तुमची मर्जी नसेल तर नाही.”

“पण एक विचारतंय. त्या ड्रायव्हरान माज्या झिलाक मातयेत ठेवलान. अल्ला तेका बरो ठेवो. तेच्याकडे मोबाइल होतो ना? मगे एक फोटो काढूक तेका काय झाला होता?”

आम्ही काही बोललो नाही. आम्हाला उत्तर ठाऊक होते. तो कबरीपाशी फोटो काढणार नव्हता, कारण त्याला आपली नियत सांभाळायची होती. पण त्याच्या त्या नियतीपायी एका आईला आज इतक्या वर्षांनी आपल्या मुलाची जागा डोळ्यांपुढे आणता येत नाही. दोघांतले चूक कुणाला म्हणायचे?

खालांनीच पुढे सांगितले, “माजो झिल थंयच रवलो. तेका बगूक कोण जाता? तुमी जातलास तर आदी थंय जावा. मगे तुमची फिल्लम करा.”

त्या रात्री आम्ही ड्रायव्हरला पुन्हा फोन केला. खालांचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. आम्हाला वाटले, लाइन तुटली. मग तो म्हणाला, “सर, मी असा विचार केलाच नव्हता. मला वाटायचे, फोटो म्हणजे दिखावा. आईला दाखवणे दिखावा नाही.” रांग कुठली, कबर कितवी, हे त्याने आपल्या डायरीत लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुट्टी काढून तो कब्रस्तानात गेला. दुपारी थोरल्या मुलाच्या मोबाइलवर एक फोटो आला. त्यात वाळू, दगड आणि कडेला एका माणसाची लांब सावली. त्याने स्वतःला फ्रेमबाहेर ठेवले होते, सावली तेवढी राहून गेली होती. आमचा कॅमेरावाला म्हणाला, या फोटोत सुधारण्यासारखे काही नाही.

फोटो पाहून खाला काय म्हणाल्या ते आम्ही इथे लिहीत नाही. ते लिहायची इजाजत आम्ही मागितलेली नाही.

फिल्म अजून झालेली नाही. तिघांपैकी दोघांचे पासपोर्ट आले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत जायचे मनात आहे. दरम्यान एक छोटी गोष्ट सुरू झाली. दहावीच्या निरोप समारंभानंतर आम्ही मुलांना आणि त्यांच्या आयांना अर्धा तास थांबवतो आणि एक कागद देतो. बाहेर जाणाऱ्याने घरी काय ठेवून जायचे, त्याची यादी आहे ती : पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स, कंपनीचे नाव व पत्ता, सोबत राहणाऱ्या दोघांचे फोन, विम्याचा कागद. गेल्या वर्षी एका आईने विचारले, “सर, शुभ दिवशी असले काय सांगताय?” आमच्याकडे चांगले उत्तर नव्हते. तरी तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

वहीतल्या इजाजतींच्या यादीतही बदल झाला आहे. पूर्वी पहिल्या क्रमांकावर आयोगाचे नाव होते. आता तिथे खाला आहेत, दुसऱ्या क्रमांकावर तो ड्रायव्हर. खालांच्या नावापुढे बरोबरची खूण आहे, पण तिच्यापुढे एक अट लिहिलेली आहे : आधी कबरीवर फातिहा, मग कॅमेरा.