बारीक सुई, जाड सुई

मित्रांनो, सिव्हिलच्या पोराने बायॉप्सीवर लिहायचं म्हणजे मेसच्या आचाऱ्याने थिओडोलाइट लावण्यासारखंच! पण मागच्या सुट्टीत मुदखेडला हा विषय घरातच येऊन बसला. मामांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठ दिसली. थुंकीच्या तपासणीत काही सापडलं नाही. टीबी की कॅन्सर? दोन्हींची औषधं पार वेगळी. गाठीतला नमुना काढल्याशिवाय इलाज नव्हता.

मामा मात्र अडून बसले. "सुई टोचली की गाठ पेटती म्हणतेत. हाय तसं राहू दे."

सुया दोन प्रकारच्या. एफएनएसीची सुई साधारण २२ ते २५ गेजची. गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, अगदी आपल्या वायरसारखं. २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. तिच्यातून सुट्या पेशी ओढून घेतात. त्रास कमी, रिपोर्ट लवकर. कोअर बायॉप्सीची सुई जाड, फुफ्फुसासाठी बहुधा १८ ते २० गेज. आतल्या सुईला खाच असते. ती गाठीत शिरली की स्प्रिंगच्या जोराने बाहेरची धारदार नळी तिच्यावरून सरकते आणि खाचेतला तुकडा कापून घेते. मेकॅनिकलवाल्यांनी ड्रॉइंग काढावं अशी रचना!

आमच्या सॉइल मेकॅनिक्सच्या भाषेत एफएनएसी म्हणजे डिस्टर्ब्ड सॅम्पल. माती कोणती ते कळतं, पण ती कशी बसली होती ते नाही. कोअर म्हणजे ट्यूबमधून काढलेलं अनडिस्टर्ब्ड सॅम्पल. पेशींची मांडणी जशीच्या तशी दिसते आणि पुढच्या तपासण्यांनाही नमुना पुरतो.

मग सगळ्यांना जाडच सुई का नाही? थायरॉइडच्या गाठीला बहुतेक वेळा बारीक सुई पुरते. फुफ्फुसात कोणतीही सुई घातली तरी भोवती हवा शिरण्याची किंवा रक्त येण्याची भीती असते. म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी, मग सीटीवर बघून सुईची वाट ठरवणं, नंतर एक्स-रे. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अशक्य नाही, पण फार क्वचित घडतं. निदानच न होणं त्याहून महागात पडतं.

मामा कसेबसे तयार झाले. एफएनएसीचा रिपोर्ट आला, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "आढळल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं नव्हे. कोअर घेऊ."

मामा पुन्हा बिथरले. तेव्हा मामी म्हणाल्या, "वावरात एका बोअरला पाणी लागलं नाही तर दुसरं घेताव की. मग हितंच कामून भेताव?"

कोअरमध्ये टीबी निघाला. सहा महिन्यांचा कोर्स लागला.

तेव्हा दोस्तहो, कोणती सुई चांगली हा प्रश्नच अर्धवट आहे. तिला विचारायचं काय आहे, ते आधी ठरवावं लागतं. आणि लॅबमध्ये रीडिंग 'निल' आलं, तर जर्नल भरण्याआधी एकदा बघा, सॅम्पल पुरेसं होतं का?